सोबतीण

जनाने कुबडी आधी वर सरकवली, मग दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि उजव्या पायावर सगळा भार घेऊन ती एसटीत चढली. कशेळ्याच्या थांब्यावर तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसांना क्षणभरच थांबावं लागलं. कंडक्टरने तिकिटांची पेटी सावरत तिच्या मागे पाहिलं.

"आज सोबतीण नाय?"

"तिचा पास बंद केला," जना म्हणाली आणि खिडकीशी बसली. पोलक्यांचं गाठोडं तिने शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवलं.

लहानपणी आलेल्या तापात तिच्या डाव्या पायावरून वारं गेलं, तेव्हापासून काखेत कुबडी होती. लग्न झालं नाही. धाकटा भाऊ गजा याच्या घरी राहून ती शिवणकाम करी आणि दर सोमवारी शिवलेली पोलकी कर्जतच्या बाजारातल्या एका कापडवाल्याकडे पोचवी. तीन वर्षांपूर्वी तिला अपंगांचा सवलतीचा पास मिळाला. त्यावर एका सोबत्यालाही जाता येई, म्हणून गजाची बायको गोदा तिच्याबरोबर येऊ लागली. यंदा मात्र नव्याने तपासणी झाली आणि घरी कागद आला. अर्जदार कुबडीच्या आधाराने चालू शकते, सबब सोबत्याची सवलत काढून घेण्यात येत आहे. हरकत असल्यास तीस दिवसांत अपील करावे.

जनाने तो मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा गजा म्हणाला, "बरोबरच लिवलंय, आक्का. तू कधी कुनाचा हात धरलास? आता गोदी घरी ऱ्हाईल, शेतावर तेवढंच एक मानूस वाढंल."

तो वाकडं बोलला नव्हता. जनाला तर आतून थोडं बरंच वाटलं होतं. पण तेवढ्यात तिची नजर चुलीकडे गेली. परातीत पीठ मळणारा गोदाचा हात थांबला होता. थोड्या वेळाने तो पुन्हा चालू झाला, पण पीठ तर केव्हाच मळून झालं होतं.

जनाला कारण ठाऊक होतं. गोदाचं माहेर कर्जतलाच, दहिवलीत. चार वर्षांपूर्वी एका बैलजोडीवरून गजाचं आणि तिच्या भावाचं भर बाजारात वाजलं, आणि त्या घराची पायरी चढायची नाही असं गजाने बजावलं. म्हातारी आई त्याच घरात होती. दर सोमवारी पोलकी दुकानात पोचली की गोदा म्हणे, "मी जरा भाजी बघून येते, वन्सं." जना दुकानाच्या ओट्यावर काजं करत बसे. दोन तासांनी गोदा परत येई ती वांगी-मिरच्या घेऊन, आणि केसांना चापून तेल लावून, वेणी घातलेली. बाजारात भाजी घेता घेता कुणाची वेणी होत नाही. जनाने कधी विचारलं नाही, गोदाने कधी सांगितलं नाही.

अपील जनाने स्वतःच्याच हाताने लिहिलं. अपंगांची कामं पाहणारे साहेब अलिबागहून महिन्याच्या पहिल्या सोमवारी कर्जतला येत. जुन्या पासाची मुदत मागच्याच आठवड्यात संपली होती, त्यामुळे सोबतीसाठी भांडायला तिला एकटीनेच जावं लागत होतं.

कचेरी वरच्या मजल्यावर होती. जिन्यात एक शिपाई हात द्यायला पुढे झाला, त्याला तिने मानेनेच नको म्हटलं.

"जना नागू ठोंबरे," कारकुनाने नाव घेतलं.

साहेब पन्नाशीचे, बारीक अंगाचे होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं.

"एकट्या आलात?"

"हो."

"जिना?"

"चढले."

साहेबांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. "अक्षर चांगलं आहे. पण बाई, मी यावर काय लिहू? तुम्ही एकट्या गाडीत चढता, एकट्या जिना चढता. सोबतीची गरज कुठे आहे?"

जनाने उत्तरं ठरवून आणली होती. पावसाळ्यातला चिखल, बाजारच्या दिवशीची रेटारेटी, कुबडीची झिजलेली रबरी टोपी. सगळी खरीच होती. तरी त्यातलं एकही तिच्या तोंडून निघेना.

"मला एकटीला येता येतं, साहेब," ती म्हणाली. "तिला येता येत नाय."

"कुणाला?"

मग तिने सांगितलं. पाच-सहा वाक्यांतच सांगून झालं. बोलताना ती टेबलावरच्या दौतीकडे बघत होती. कारकुनाने लिहायचं थांबवलं होतं, ते तिला ऐकू आलं.

"हे मला कागदावर घेता येणार नाही," साहेब म्हणाले.

"ठावं हाय मला."

ती उठायला लागली. साहेबांनी हाताने थांबवलं.

"गाडीत चढताना कधी पडलात?"

"एकदा. दोन वर्सं झाली. पावसात."

"कोणी उचललं?"

"गोदानंच."

त्यांनी एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "तेवढं लिहा. आणि खाली लिहा, सोबतीशिवाय मी प्रवास करू शकत नाही. त्या वाक्याशिवाय मला काही करता येणार नाही."

पडल्याचं तिने भराभर लिहिलं. पुढे मात्र पेन अडलं. तिसरीत असताना बापाने शाळेपर्यंत खांद्यावर न्यायचं ठरवलं होतं, तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. मैलभर लांबची शाळा तिने सातवीपर्यंत चालून केली. हे वाक्य आजवर तिच्याकडून कुणी वदवून घेतलं नव्हतं. साहेब खिडकीबाहेर बघत बसले. त्यांनी घाई केली नाही.

जनाने वाक्य लिहिलं, खाली सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागदावर हात ठेवून बसली.

घरी तिने एवढंच सांगितलं, की बघू म्हणाले. पाच आठवड्यांनी पास आला, सोबत्यासकट. गजाने तो वाचून घेतला आणि दिवसभर ज्याला त्याला सांगितलं, "आमच्या आक्काला एकटीला जाता येत नाय, असं सरकारनंच मानलंय." संध्याकाळी जेवताना तो तिला म्हणाला, "आक्का, हितून पुढं विहिरीवर तू जाऊ नको. पडशील. आमी हाव की." त्याच्या आवाजात माया होती. जनाने भाकरीचा तुकडा मोडला आणि मान हलवली.

सोमवारी दोघी कर्जतला उतरल्या. दुकानात पोलकी मोजून झाली. गोदाने पदर सारखा केला आणि पिशवी उचलली.

"मी जरा भाजी बघून येते, वन्सं."

"गोदा," जना म्हणाली, "तुझी आई बरी हाय ना गं?"

गोदा उभ्या जागी थबकली. कापडवाला आत ताका उलगडत होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा जनाकडे.

"काय ठावं," ती हळूच म्हणाली. "दीड म्हयना झाला, पाह्यली नाय मी तिला."

जनाने सुईदोरा डबीत ठेवला, डबी बंद केली आणि कुबडी काखेत घेतली.

"लांब हाय का?"

"दहिवलीत. पूल वलांडून जावं लागंल. तुमाला लय चाल पडंल, वन्सं."

"चल."

पेठेत गर्दी होती. जना हातगाड्यांमधून वाट काढत पुढे निघाली, आणि तिला गाठायला गोदाला भराभर पावलं उचलावी लागली.