माझेच नाव त्या कांबळ्याला

मित्रांनो, मी लाल मखमलीचा एक म्हातारा पडदा आहे. डेन्मार्कमधल्या लांगेलँड बेटावर, एका खेड्याच्या सभागृहात मी चाळीस वर्षे वरखाली झालो. थोरा नावाच्या शिंपिणीने मला एका हिवाळ्यात शिवले. मी सरळ आणि झपकन पडावे म्हणून तिने खालच्या काठात जाड लाकडी दांडी घातली. माझी दोरीही तिच्याच हाती असे. दर फेब्रुवारीत गावकरी नाटक बसवत. शेवटचे वाक्य झाले की हॉवगोर मास्तर विंगेतून हळूच म्हणत, "टेप्पे!" थोरा दोरी सोडे, मी पडे आणि टाळ्या वाजत. त्या टाळ्या माझ्याच आहेत असे मी खुशाल समजत असे.

एकच शल्य होते. आमच्या भाषेत टेप्पे म्हणजे पडदा, जमिनीवरचा गालिचाही टेप्पे, आणि अंगावर घ्यायचे कांबळेही टेप्पेच. ज्याला लोक तुडवतात त्याचे आणि माझे नाव एक! विंगेतल्या खुर्चीवर एक करडे कांबळे असे, थंडीत थोराच्या गुडघ्यांवर घ्यायला. त्याच्याकडे मी ढुंकूनही पाहत नसे.

एका वर्षी डेअरीतला क्रेस्टेन इंग्लंडहून बायको करून घेऊन आला. तिचे नाव मेव्हिस. आमची भाषा कानावर पडावी म्हणून मास्तरांनी तिला थोराच्या शेजारी बसवले.

"आमच्याकडे पडदा वेगळा, कांबळं वेगळं," ती अडखळत म्हणाली. "पण खिडकीचा आणि नाटकाचा पडदा एकच. आणि एखाद्याचा पडदा पडला म्हणजे तो माणूस खलास!"

"आमच्याकडे पडदा पडला की कॉफी मिळते," थोरा म्हणाली. "आमचंच बरं."

दोघी हसल्या. तेव्हा सगळे गोड होते.

एका रविवारी दुपारी त्या वर्षीचा पहिला प्रयोग झाला. लौरिड्स लोहार एका एकट्या म्हाताऱ्या खलाशाचे काम करत होता. शेवटी तो मेला. मास्तर म्हणाले, "टेप्पे!" थोराने दोरीला हात घातला, तोच मेव्हिस ते करडे कांबळे उचलून थेट रंगमंचावर धावली. म्हाताऱ्याला पांघरूण हवे, असे तिला वाटले. तिने ते हलक्या हाताने त्याच्या अंगावर घातले, पायांशी नीट खोचले. थोरा दोरी धरून तशीच उभी राहिली. आधी कुजबुज झाली, मग कुणीतरी नाक ओढले, आणि मग टाळ्या! तशा टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. आणि मी वरच लटकलेला!

"आता हा शेवट असाच ठेवायचा," मास्तर खूश होऊन म्हणाले. "काय रे लौरिड्स?"

"बारा वर्षं मरतोय मी इथं," लौरिड्स म्हणाला, "पांघरूण आज पहिल्यांदाच मिळालं."

"अहो मास्तर, तिला शब्द कळला नाही, आणि तुम्ही तिला नटी करून टाकलीत?" थोरा म्हणाली.

"गाव रडलं ना थोरा? मग झालं तर."

आठवडाभर गावात मेव्हिसचेच नाव. शिवलेल्या पडद्याबद्दल, ओढलेल्या दोरीबद्दल कुणी अवाक्षर काढले नाही. थोराच्या पोटात आग होती आणि माझ्या प्रत्येक धाग्यात.

पुढच्या रविवारी मेव्हिस कांबळे घेऊन निघाली. ती बरोबर माझ्या खाली आली, आणि थोराने दोरी सोडली. मित्रांनो, खोटे कशाला सांगू? मी जीव खाऊन पडलो. दांडी मेव्हिसच्या खांद्यावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज मला माझ्या काठातून कळला.

ती आडवी पडली होती, ओठ पांढरे पडलेले. "थोरा, टेप्पे..." ती म्हणाली. थोरा भांबावून दोरीकडे धावली, मला वर घ्यायला.

"तो नाही गं," मेव्हिस रडत म्हणाली. "थंडी वाजतेय. टेप्पे!"

तेव्हा थोराला कळले. तिने कांबळे ओढून मेव्हिसच्या अंगावर घातले. माझ्या पलीकडे लोक अजून टाळ्याच वाजवत होते.

क्रेस्टेन धावत आला. "दोरी निसटली का?"

हो म्हटले असते तर सगळ्यांनी मान डोलावली असती.

"निसटली नाही," थोरा म्हणाली. "मी सोडली. तिच्या टाळ्या मला बघवेनात."

क्रेस्टेन वर्षभर तिच्याशी बोलला नाही. थोरा मात्र सहा आठवडे रोज त्यांच्या घरी गेली. राईचा पाव भाजला, कपडे धुतले, मेव्हिसचे केस विंचरले. मेव्हिस भिंतीकडे तोंड करून बसे. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "वेणी जरा सैल घाल." यापलीकडे क्षमेचे शब्द कुणी बोलले नाही.

पुढच्या वर्षी दोरी मेव्हिसच्या हाती गेली. थोरा प्रेक्षकांत बसली. मला शिवणाऱ्या बाईने मला पडताना समोरून पाहिले ते त्या दिवशी, पहिल्यांदा. तिने टाळ्या वाजवल्या. त्या कुणासाठी होत्या, ते मी पहिल्यांदाच विचारले नाही.

आता मी सभागृहाच्या माळ्यावर पडून आहे. मित्रांनो, मखमल कधी घडी घालून ठेवू नका. सैल गुंडाळा, अधूनमधून हवेवर टाका. घडी बरीच वर्षे तशीच राहिली, तर तिथली लव गळते आणि मग कितीही वाफ द्या, ती रेघ जात नाही. माझ्या अंगावर अशी एक रेघ आहे. दांडीच्या अगदी जवळ.