अडगळीतले तीन

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘अडगळ’ या शब्दापुढे एक करडं शून्य असायचं. ते इतके दिवस तसंच होतं की भिंतीवरच्या जुन्या खिळ्यावरून जावी तशी तिची नजर त्याच्यावरून जायची. आज दुपारी त्या जागी तीनचा आकडा होता, आणि तो लाल होता.

तिने चष्मा पुसून परत घातला. तीनच. मग तिने पडद्यावरची ती खिडकीच बंद करून टाकली.

“पडदा मिटलास म्हणून बिघाड जातो होय?” समोरच्या टेबलावरून आबा म्हणाले. “कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, रांगवाली बाई.”

आबा म्हणजे या ऑफिसातले सगळ्यांत जुने माणूस. रुग्णालयातले सगळे संगणक ते सांभाळायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची थट्टा करायचे. तिला रांगवाली हे नाव त्यांनीच दिलेलं. प्रयोगशाळेत कुणाचीही तपासणी झाली की त्याचा निकाल संदेश होऊन एका रांगेत उभा राहायचा. ही रांग या इमारतीत नव्हतीच, दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या संगणकांवर होती. तिने लिहिलेला प्रोग्राम त्या रांगेतून एकेक संदेश उचलायचा, डॉक्टरांच्या पडद्यावर पोचवायचा आणि पेशंटच्या फोनवर कळवायचा.

“बिघाड नाही काही,” ती म्हणाली. “डोळे दुखतायत.”

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. वॉर्डातल्या सिस्टरबाई होत्या.

“अहो, आमच्या खिडकीजवळच्या आजींचा रक्ताचा रिपोर्ट कुठं अडकलाय? लॅबवाले म्हणतात, केव्हाच पाठवला. आजी घामाघूम झाल्यात, नाडी कशीतरीच लागतेय. डॉक्टर माझ्यावर खेकसतायत!”

“बघते. लगेच बघते.”

अडगळीत तिचा स्वतःचा संदेश असणार, एवढं तिने आकडा पाहताच ओळखलं होतं. पण मग उरलेले दोन कुणाचे, हा प्रश्न तिने मनाच्या दाराबाहेरच उभा करून ठेवला होता. आता तो आत आला.

रांगेचा नियम साधा होता. उचललेला संदेश लगेच पुसला जात नाही, थोडा वेळ नुसता दडतो. उचलणाऱ्याने ‘काम झालं’ असं कळवलं की मगच तो कायमचा जातो. नाही कळवलं, तर दडलेला संदेश पुन्हा रांगेत दिसू लागतो. उचलणारा मध्येच कोलमडला तरी कुणाचा निकाल हरवू नये, म्हणून ही सोय. पण एकच संदेश पुन्हा पुन्हा उचलला गेला आणि कुणीच काम झाल्याचं कळवलं नाही, तर रांग त्या संदेशातच खोट आहे असं धरते आणि त्याला बाजूला काढते. ती बाजूची जागा म्हणजे अडगळ. किती फेऱ्यांनंतर बाजूला काढायचं, तेही तिनेच ठरवलं होतं.

आणि परवा जेवणाच्या सुट्टीत तिने आणखी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. तोही चालत्या रांगेवर, खऱ्या पेशंटांचे निकाल जात असतानाच.

गाठ तिला अंघोळ करताना लागली होती, मागच्या थंडीत. वाटाण्याएवढी, न दुखणारी. दुखत असती तर बरं झालं असतं, असं तिला नंतर अनेकदा वाटलं. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, “तपासायला तुकडा घेऊ, पण निकाल काहीही आला तरी गाठ काढायचीच. कधी करू या?” ती म्हणाली होती, “आधी निकाल तर येऊ दे.” घरी ताईला तिने अवाक्षर सांगितलं नव्हतं. आईच्या शेवटच्या दिवसांत आईला उचलणं, भरवणं, पुसणं सगळं ताईनेच केलं होतं. आईचीही सुरुवात अशीच वाटाण्याएवढी होती.

निकाल यायची वेळ झाली तशी तिची भीती एका गोष्टीवर येऊन बसली, पर्समधल्या फोनच्या आवाजावर. तो वाजला की तिची पाचावर धारण बसायची. म्हणून तो छोटा प्रोग्राम. रांगेतून संदेश उचलायचा, पेशंटचा क्रमांक पाहायचा, आपला नसेल तर लगेच परत ठेवायचा, आपला असेल तर दडवून धरायचा. निकाल वाचायचा नाही. नुसता येऊ द्यायचा नाही.

रांगेच्या नोंदी उघडल्यावर तिला सगळं दिसलं. तिचा संदेश सुटत होता आणि पकडला जात होता, शेवटी अडगळीत गेला होता. पण आज दुपारी मुख्य प्रोग्राम एका लांबलचक निकालाशी झगडत मंदावला होता, अजूनही रखडतच चालला होता, आणि तेवढ्यात तिच्या छोट्या प्रोग्रामने दुसऱ्यांचे संदेश उचलले, आपले नाहीत म्हणून ठेवले, परत उचलले, परत ठेवले. रांगेला वाटलं, यांच्यातच खोट आहे. एक होता कुणाच्या तरी साखरेचा. दुसरा खिडकीजवळच्या आजींचा.

तिने आजींचा संदेश निवडून रांगेत परत पाठवला. लाल तीनचे दोन झाले. तिने श्वास सोडला. आणि तिच्या डोळ्यांदेखत दोनचे पुन्हा तीन झाले.

छोटा प्रोग्राम अजून चालूच होता.

तो चालू असेपर्यंत कुणाचाच निकाल धड पोचणार नव्हता. तो बंद केला की तिचा निकाल अडवायलाही कुणी उरणार नव्हतं. एवढा विचार करायला एरवी तिने महिना घेतला असता. तिने प्रोग्राम थांबवला. मग आजींचा संदेश पाठवला, मग साखरेचा. लाल दोन. लाल एक.

तिने वॉर्डात फोन लावला. “दिसला का?”

“थांबा हं... आला, आला! अगं बाई, पोटॅशियम केवढं हे!” फोन तसाच टाकल्याचा आवाज झाला. मग धावणारी पावलं, चाकांची खडखड, कुणाची तरी हाक. तिने फोन कानाला लावूनच ठेवला. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते तिला आता नेमकं कळत होतं.

आबा केव्हा तिच्यामागे येऊन उभे राहिले होते, तिला कळलंच नाही.

“कशामुळे झालं गं?”

“माझ्यामुळे. चालत्या रांगेवर मी माझा एक प्रोग्राम लावला होता.”

“चालत्या रांगेवर? तू?” आबांना थट्टा सुचली नाही. “आम्हाला दरडावतेस की, चालत्या रांगेला बोट लावाल तर याद राखा म्हणून.”

“साहेबांना आत्ताच कळवते. वॉर्ड बोलला की लगेच.”

वॉर्ड बोलायला बराच वेळ लागला. सिस्टरबाईंना धाप लागली होती. “इंजेक्शन दिलं. नाडी येतेय ताळ्यावर. आजी विचारतायत, एवढे सगळे माझ्या खाटेभोवती का जमलात, चहा आणलाय का?”

ती हसली, आणि हसताहसता तिला रडू फुटलं. आबांनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला आणि ते आपल्या टेबलाशी जाऊन निष्कारण वायरी आवरत बसले.

तिने साहेबांना जे घडलं ते सरळ लिहून पाठवलं. कारणाच्या जागी ‘वैयक्तिक’ लिहिलं, मग ते खोडून ‘भीती’ लिहिलं.

कोपऱ्यात लाल एक उरला होता. ही अडगळ कुणी उघडत नाही. तो तिथे पडून राहिला असता आणि मुदत संपली की आपोआप पुसला गेला असता. गाठ मात्र पुसली गेली नसती. तिने संदेश निवडला, आणि पाठवला.

करडं शून्य.

पर्समध्ये फोन वाजला. तिने तो बाहेर काढला, पण संदेश उघडला नाही. ताईचा नंबर लावला.

“काय गं, किल्ली विसरलीस ना पुन्हा?” पलीकडे नळाखाली भांडी वाजत होती. “मी आहे घरी. ये खुशाल.”

“किल्ली आहे. ताई, नळ बंद कर जरा.”

भांड्यांचा आवाज थांबला.

“आता बोल. काय झालंय?”

“मला गाठ आहे, ताई. आईसारखीच. निकाल आलाय, अजून वाचला नाही. पण तो काहीही असू दे, मी ऑपरेशन करून घेणार आहे. तू माझ्याबरोबर चल.”