तिसऱ्या कप्प्यातल्या तीन नळ्या

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीझर आहे. दिल्लीत, द्वारकेला, घोड्यांचं रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सोळा वर्षं कुडकुडत उभा आहे. आलो तेव्हा काय माझा थाट! मोठ्या मॅडम सुहासिनीबाई पाहुण्यांना आधी मलाच दाखवायच्या. आता माझ्या दाराचं रबर सैल झालंय, आणि दुरुस्तीचं नाव काढलं की सगळे म्हणतात, चलो, पुढच्या महिन्यात बघू.

मे महिन्यात वीज गेली. गडबडीत तंत्रज्ञ नीलाने माझं दार पुरतं लावलं नाही. बर्फ पाझरला, तिसऱ्या कप्प्यातला स्टँड कलंडला आणि तीन वेगवेगळ्या घोड्यांच्या नळ्यांवरची साध्या शाईची नावं धुऊन गेली. वीज आली, सगळं पुन्हा गोठलं. कुणाला पत्ताही लागला नाही.

जुलैत पानिपतजवळच्या घोड्यांच्या फार्मवरून खंडेराव आले. रुबाब नावाच्या पैदाशीच्या घोड्याचे ते मोतद्दार. आई मेलेल्या त्या शिंगराला त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. रुबाबच्या रक्तात एका विषाणूच्या खुणा सापडल्या होत्या. हा विषाणू नराकडून माद्यांमध्ये पसरतो, गर्भ पडतात. पण त्याचीच लस टोचली तरी रक्तात अगदी तशाच खुणा दिसतात! म्हणून लसीआधीचं रक्त माझ्याकडे जपायला दिलेलं. ते स्वच्छ निघालं तर रुबाब सुटला, नाहीतर त्याला खच्ची करायचं.

नीलाने नळ्या काढल्या, रुबाबची नळी त्या तीन निनावी नळ्यांतलीच निघाली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. मग तिला सुचलं, तिन्ही तपासू. तिन्ही स्वच्छ निघाल्या तर नाव हवंय कुणाला? खंडेराव दोन दिवस बाकावर बसून राहिले. माझा जीव टांगणीला लागला होता.

डावी स्वच्छ निघाली. मधली स्वच्छ निघाली. उजवी बाधित.

नीलाने काही लपवलं नाही. "काका, चूक माझी आहे. दार मीच उघडं ठेवलं."

खंडेराव नळ्यांवर वाकले. "ताई, ह्यातली आमच्या रुबाबची कोणती?"

ती रडायलाच लागली. फार्मवर चाळीस गाभण घोड्या होत्या. नुसत्या अंदाजावर त्यांचा जीव धोक्यात घालता येत नव्हता. सुहासिनीबाईंनी रुबाबला खच्ची करायच्या कागदावर सही केली.

मित्रांनो, माझं रबर वेळेवर बदला, दार नीट लावा, नाव पुसणार नाही अशा शाईनं लिहा. दिलेलं सगळं मी सांभाळीन, पण साक्ष द्यायला मला तोंड नाही हो. खंडेरावांनी विचारलं तेव्हा मी समोरच उभा होतो. रुबाबची नळी मधली होती.