संपलेल्या गोष्टीचं शेपूट

इंटरनेटवर मी ‘खडूस’ या नावानं गेम्सबद्दल लिहिते आणि लोक माझं ऐकतात. सगळ्यात जास्त ऐकणारा माणूस माझ्याच घरात आहे, माझे सासरे. आयुष्यभर शिवणकाम केलं, म्हणून गल्ली त्यांना मास्तर म्हणते. आता हात थरथरतात. म्हणून कंट्रोलर माझ्या हातात आणि निर्णय त्यांचे, अशी आमची वाटणी.

आम्ही दोघांनी एकच गेम खेळला, पण तो पाच महिने पुरला. पुरात बुडालेल्या मुलखातून नकाशे काढणारी एक बाई घराकडे निघाली आहे, सोबतीला एक तोंडाळ नावाडीण. मारामारी नावाला, बोलणंच फार. पुढे काय करायचं असं गेमनं विचारलं की मी तीन सेकंदांत बटण दाबणारी. बाबा मात्र चहा मागायचे. नाव वाचवायची की नावाडीण, यावर त्यांनी दोन दिवस घेतले.

"बाबा, गेम आहे हो!"

"असू दे. एकदा कात्री चालली की संपलं."

नावाडीण वाचली. शेवट झाला तसे बाबा चिडलेच. "ही गोष्ट इथे संपूच शकत नाही. बाई घरी पोचली कुठे?" मी सांगितलं, याचं एक्स्पान्शन येणार आहे, म्हणजे गोष्टीचा पुढचा भाग. तेव्हापासून ते रोज विचारायचे, "आलं का?"

ते आलं त्या दिवशी नवरा बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता आणि मला सुट्टी होती. म्हटलं, सुरुवात तेवढी बघू. हावरटपणा, दुसरं काय! आमचा खेळ थांबला होता तिथूनच भाग सुरू झाला आणि मी चार तास जागची हलले नाही. इतकं सुंदर मी कधी खेळले नव्हते. नवे शत्रू नाहीत, नवा मुलूख नाही, फक्त घरी परतणं. शेवटाजवळ आले आणि नवऱ्याचा फोन आला, "निघालोय." पडद्यावर नावाडीण तापानं फणफणलेली. तिला घेऊन गेलं तर लांबचा रस्ता, सोडलं तर जवळचा. मी तिला काठावर सोडलं, शेवट पाहिला आणि टीव्ही बंद केला.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. हा गेम एकच सेव्ह, म्हणजे खेळाची एकच नोंद ठेवतो. बाबांच्या पाच महिन्यांच्या निर्णयांवर माझा शेवट चढला होता. पुसायची सोय नाही. पुन्हा हवं तर सगळं पहिल्यापासून.

बाबा चपला काढता काढता म्हणाले, "डोळ्याचा पडदा झिजत चाललाय म्हणे. फार तर तीनेक महिने नीट दिसेल. तेवढ्यात एक्स्पान्शन सहज होईल. आलं का?"

"आलं," मी म्हटलं. "पण अगदी भंगार आहे. नको खेळायला."

खोटं टिकावं म्हणून मी तसा लेखही लिहिला. ‘संपलेल्या गोष्टीला लावलेलं शेपूट’ असं त्यात म्हटलं, नसलेले सात दोष काढले. बाबांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "बरं झालं तू आधी बघितलंस," म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी गप्प बसले.

दोन महिने गेले. परवा त्यांचे मित्र, घड्याळं दुरुस्त करणारे काका आले. "मास्तर, माझ्याकडे आहे तो भाग. चला, माझ्या घरी बघू," म्हणाले.

"छे! आमच्या सूनबाईंनी वाईट म्हटलंय. ती उगाच म्हणायची नाही."

काका गेल्यावर मी बाबांसमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. सेव्ह, लेख, सगळं. रडू आवरत नव्हतं. ते माझ्याकडे जरा तिरकं बघत होते. समोरचं आता दिसत नाही, कडेचं दिसतं.

"नावाडीण?" त्यांनी विचारलं.

"काठावर राहिली."

"एकटी?"

"हो."

"का गं सोडलीस?"

"तुम्ही निघालात असा फोन आला, बाबा. मला घाई झाली."

ते बंद टीव्हीकडे वळले. मग म्हणाले, "फोनवरच सांगायचंस ना. तासभर बाहेर बसलो असतो मी."