सात दिवस समुद्रकाठी, अगदी मोफत

रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर ताईंनी एकतीस वर्षं काढली. तिथला एक नियम त्यांच्या हाडीमाशी खिळला होता. समोरच्याने फोन ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही. कुणी रडत असो, कुणी शिव्या देत असो, ऐकून घ्यायचं आणि शेवटी विचारायचं, "आणखी काही मदत हवी का?" निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सवय सुटली नाही. चुकून लागलेल्या नंबरवरच्या माणसालासुद्धा त्या त्याच्या आईची तब्येत विचारून मगच सोडत. धाकटी बहीण म्हणायची, "ताई, तुला कुणी भांडायला फोन केला ना, तरी तू त्याला 'सावकाश भांडा' म्हणशील."

आता सांगा, अशा बाईला लुबाडायला अक्कल लागते का? छे हो! नुसता निर्लज्जपणा लागतो, आणि त्याचा तुटवडा जगात कधी पडलेला नाही.

झालं असं. धाकटीचे गुडघे कापडाच्या दुकानात सव्वीस वर्षं उभं राहून पार झिजले होते. तिच्यासाठी मऊ तळव्यांच्या चपला घ्यायला ताई गेल्या, तर गल्ल्यापाशी एक रंगीत खोकं. नाव आणि नंबर लिहून चिठ्ठी टाका, सहल जिंका. ताईंनी टाकली. आठवड्याने फोन आला.

"अभिनंदन! हजारोंमधून तुमचं नाव निघालं. दोघांना सात दिवस, समुद्रकाठचं हॉटेल, जाणं-येणं, सगळं मोफत!"

आवाज असा की लोण्यालाही लाज वाटावी. "मला मुलासारखाच समजा," तो म्हणाला. मग हळूच, जिभेवर साखर घोळवत, कराचा विषय निघाला. सहल मोफत, पण सरकारी कर विजेत्याने भरायचा. ताईंनी बँकेतून त्याच्या खात्यावर पाठवला. दुसऱ्या दिवशी हॉटेलची अनामत, "चार दिवसांत परत, माझा शब्द!" ती कार्डावरून गेली. तिसऱ्या दिवशी विमा. तोही कार्डावरून.

त्या पैशांवर दोघींची नावं होती. धाकटीच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी चिमटीचिमटीने साठवलेले पैसे ते. शस्त्रक्रियेची तारीखही ठरलेली. ताईंना वाटलं, चार दिवसांत तर परत येतायत. आणि धाकटीने जन्मात समुद्र पाहिलेला नाही. नवे गुडघे घेऊन ती वाळूत चालेल. तोपर्यंत अळीमिळी गुपचिळी.

मधेच त्यांच्या मनात पाल चुकचुकली नव्हती असं नाही. तिसऱ्या फोनला त्या "थांबा, बहिणीला विचारते" म्हणणार होत्या. पण तो बोलायचा थांबेना, आणि बोलणाऱ्याचा फोन ठेवायचा कसा, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बक्षीस घ्यायला जो पैसे मागतो तो बक्षीस देत नसतो, घेत असतो, एवढी साधी गोष्ट. पण भल्या माणसाला ती नेहमी एक दिवस उशिरा कळते.

पाचव्या दिवशी नंबर लागेना. सहाव्या दिवशी तो अस्तित्वातच नाही असं कळलं. ताईंच्या घशाखाली घास उतरेना. धाकटी समोर बसून विचारायची, "पोट बिघडलंय का गं?" आणि त्या मान डोलवायच्या. देवासमोर बसल्या तरी हात जोडले जात, डोळे मात्र वर होत नसत. चोर तिकडे निवांत आणि खजील कोण, तर जिचं गेलं ती! हा कुठला न्याय?

नवव्या दिवशी पुन्हा फोन. या वेळी भारदस्त आवाज.

"फसवणूक निवारण केंद्रातून बोलतोय. तुमचे पैसे सापडलेत. चोर पकडला. फक्त फाइल उघडण्याचं शुल्क आज भरलंत की सगळी रक्कम परवा खात्यात."

ताईंचे डोळे भरून आले. देव पावला, असंच त्यांना वाटलं. वही पुढे ओढून त्यांनी वेळ लिहिली. हीही बोर्डावरची सवय, प्रत्येक फोनची वेळ आणि निरोप लिहून ठेवायचा. आणि लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला.

त्याच्या आवाजामागे पंखा फिरत होता. खट, खट, खर्र. खट, खट, खर्र. बोर्डावर असताना ताई नुसत्या दाराच्या कुरकुरीवरून सांगायच्या की फोन कुठल्या वॉर्डातून आलाय. हा पंखा त्यांनी ऐकला होता. तीन वेळा ऐकला होता. एवढ्यात त्या पंख्यापलीकडून एका मुलीचा मंजुळ आवाज आला, "अभिनंदन! हजारोंमधून तुमचं नाव निघालं..."

तळपायाची आग मस्तकात गेली. एकाच खोलीत! या टेबलावर गळा कापायचा आणि त्या टेबलावर मलम विकायचं!

पण एकतीस वर्षं आवाज सांभाळलेली बाई ती. गोड आवाजात म्हणाली, "बाळा, म्हातारीचा हात जरा हळू चालतो. खातं क्रमांक सावकाश सांग बरं."

त्याने सांगितला.

"पुन्हा एकदा? शेवटचे चार आकडे निसटले."

त्याने पुन्हा सांगितला, जरा वैतागून. ताईंनी मागचं पान उलटलं. कराचे पैसे जिथे पाठवले होते तेच खातं, आकड्याला आकडा!

"आणखी काही मदत हवी का?" त्यांनी विचारलं. तो गोंधळून "नाही" म्हणाला आणि त्यानेच फोन ठेवला.

ताई तशाच उठून आतल्या खोलीत गेल्या. धाकटी पलंगावर पाय लांब करून गुडघ्यांना तेल चोळत होती. ताईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

धाकटीने तेलाचे हात पदराला पुसले. मग म्हणाली, "समुद्र मला कधी हवा होता गं? मला पोहता येत नाही, ऊन सोसत नाही. समुद्र तुला हवा होता."

"हो," ताई म्हणाल्या, आणि लहान पोरीसारख्या रडल्या.

"रड, पण पटकन रड. बँक चारला बंद होते. आणि नऊ दिवस माझ्यापासून लपवलंस त्याचा हिशेब मी नंतर घेणार आहे, तो काही सुटायचा नाही."

बँकेतल्या साहेबांनी कागदावरून मान वर न करता ऐकलं. "आजी, पैसे तुम्ही तुमच्या हाताने पाठवलेत. आता आम्ही काय करणार?"

"साहेब," धाकटी म्हणाली, "घरात साप निघाला तर तुम्ही आधी विचारता का, दार कुणी उघडं ठेवलं?"

ताईंनी वही पुढे सरकवली. चार फोन, प्रत्येकाची वेळ, दोन सोंगं, खातं एकच. साहेबांनी आता मात्र मान वर केली. आकडे दोनदा पडताळले आणि त्या खात्याच्या बँकेला फोन लावला. खातं जागच्या जागी गोठवलं गेलं. ताईंचं कार्ड बंद झालं. कार्डावरून गेलेल्या दोन्ही रकमांवर हरकतीचा अर्ज त्याच टेबलावर लिहून झाला. "मुदत आहे अजून, बरं झालं लाजत घरी बसला नाहीत," साहेब म्हणाले. तिथून दोघी पोलीस ठाण्यात गेल्या आणि तक्रारीची पोच घेऊनच उठल्या. घरचा जिना चढताना धाकटी प्रत्येक पायरीला त्या लोण्याच्या आवाजाचा उद्धार करत होती.

सतरा दिवसांनी बँकेचा निरोप आला. कार्डाच्या दोन्ही रकमा परत मिळणार होत्या. कराच्या पैशांतले निम्मे त्या गोठवलेल्या खात्यात सापडले होते, निम्मे बुडाले. बुडाले ते बुडाले. निवृत्तिवेतनाची भर घातली की शस्त्रक्रियेपुरते होत होते, आणि रुग्णालयात भरणा करायची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत होती.

दोघी बँकेत गेल्या, तेव्हा साहेबांनी पैसे परत घेण्याचा फॉर्म पुढे केला. ताईंनी चष्मा लावला. चौथी ओळ होती, 'सदर नुकसान माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाले असून त्याबद्दल माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही.'

त्यांनी ती दोनदा वाचली. "हे मी लिहिलेलं नाही."

"नेहमीची भाषा आहे हो. सगळे सही करतात."

"सगळे सही करतात म्हणूनच ती नेहमीची झाली." ताईंनी पेन घेतलं आणि ओळीवर सरळ रेघ मारली. वरच्या जागेत लिहिलं, 'मला फसवण्यात आले. माझी तक्रार आहे.'

"अहो, खाडाखोड चालत नाही!" साहेब उठूनच उभे राहिले. "वरून परत येईल. आठ दिवस जातील."

आठ दिवस म्हणजे तारीख गेली. पुढची तारीख चार महिन्यांनी. ताईंनी पेन खाली ठेवलं. भोळेपणा माझा, कबूल. पण भोळेपणाला गुन्हा ठरवून चोराला निर्दोष सोडायचं, आणि तेही माझ्या सहीने? दुसरीकडे खुर्चीत बहीण बसलेली, दोन्ही गुडघे सुजलेले. ताईंनी तिच्याकडे पाहिलं.

"माझ्या गुडघ्यांकडे काय बघतेस?" धाकटी म्हणाली. "सव्वीस वर्षं उभे राहिलेत ते, चार महिने आणखी राहतील. खोट्या कागदावर मात्र मला चालता यायचं नाही." तिने हात पुढे केला. "आण ते पेन. खातं दोघींचं आहे." आणि खोडलेल्या ओळीशेजारी तिने आपली ठसठशीत सही ठोकली. मागच्या रांगेतले लोक आता पुढे झुकून बघत होते.

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. मुख्य कार्यालयाला फोन लावला.

"हो, तोच फॉर्म. ओळ खोडलीय... 'मला फसवण्यात आले' असं लिहिलंय... नाही सर, समोरच बसल्यात, उठत नाहीत." ते बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांचा आवाज जरा बदलला. "सर, नियम मला माहीत आहे. पण त्यांनी लिहिलंय त्यात खोटं काय आहे, ते मला सांगता येत नाहीये. तुम्हाला येत असेल तर फोन त्यांच्याकडे देतो."

साहेबांनी दोनदा "बरं" म्हटलं, शिक्का उचलला, शाईवर दाबला आणि खोडलेल्या ओळीच्या बरोबर खाली उमटवला.

"उद्या सकाळी दहाला खात्यात दिसतील," ते म्हणाले. "थेट रुग्णालयात जा."