तेलाचा दुसरा हात

मंजुश्रीने दाराच्या नक्षीतली धूळ जुन्या टूथब्रशने खरवडून काढली, ओलं फडकं घट्ट पिळलं आणि पुसायला घेतलं. बोअरच्या पाण्याने सागवानावर क्षाराचे पांढरे ओघळ धरले होते. पुसले की जायचे, वाळले की पुन्हा वर यायचे.

"त्यो कोपरा ऱ्हायला," सासू नीलम्मा आतून म्हणाली.

संध्याकाळी उदगीरची माणसं अक्षराला, म्हणजे मंजुश्रीच्या नणंदेला, बघायला येणार होती. पाहुणे आधी दार बघतात आणि मग मुलगी, असं नीलम्माचं ठाम मत. मत तिचं आणि राबायचं सुनेनं, हा लातूरच्या त्या घरातला जुना रिवाज.

मंजुश्रीची आई उदगीरलाच अंथरुणाला खिळली होती. 'लवकर ये, तुझंच नाव घेतीय,' असं भावाने, शिवप्रसादने, काल कळवलं होतं. दार झालं की दुपारच्या गाडीने जायचं, असं सासूने कबूल केलं होतं.

"आत्याबाई, झालं. जाऊ का आता?"

"आन् कड्या कोन घासावं?"

तिने पितळी कड्या चिंचेने घासल्या. मग पॉलिश पेपर फिरवला, मग जवसाचं तेल लावायला घेतलं. मध्येच तिने सकाळपासून सासूकडे असलेला आपला फोन मागितला.

"तेलाच्या हातानं फोन धरतीस व्हय? ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. कुनाचा आला तर सांगते की."

आणि तिने विश्वास ठेवला. आईकडे जायचं असलं की माणूस किती खुळं होतं! दुपारची गाडी सुटली तेव्हा ती दाराला तेलाचा दुसरा हात देत होती.

उन्हं कलताना पाहुण्यांची जीप थांबली. मुलाची आई शिवगंगा उतरली आणि मंजुश्रीला बघून जागच्या जागी थबकली. दोघींची माहेरची गल्ली एकच.

"अगं, तू इथंच? मातीला का आली न्हाईस?"

"कुनाच्या मातीला?"

शिवगंगाने नीलम्माकडे पाहिलं.

"तुझी आई गेली की गं पहाटं. शिवप्रसादनं फोन केलता. सासूबाईला सांगितलंय म्हनला. लई वाट बघून दुपारी माती दिली."

मंजुश्रीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. नीलम्माने गळ्यातलं इष्टलिंग पदराआड सारलं.

"आपल्या लिंगायतांत कुठं सुतक असतंय? मग काम कशाला अडवायचं? गेलेलं मानूस काय परत येतंय?"

शिवगंगाही मातीवरून घरी जाऊन, साडी बदलून, सोयरीक जुळवायलाच आली होती. तिने खाली बघत चपला काढल्या.

"काकू," मंजुश्रीने विचारलं, "शेवटी काय म्हनली का माझी आई?"

"दाराकडं तोंड करून निजवा म्हनल्या. तेवढंच."

मग नीलम्माने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हसतमुखाने पुढे झाली.

"या, या, आत या. जरा दाराला अंग लावू नका. तेल ओलं हाय अजून."