बॅनरची खालची ओळ

“ही खालची ओळ कुणी लिहिली?” मावशींनी विचारलं.

जाळी विणायच्या शेडमध्ये मोर्चाचा कापडी बॅनर अंथरला होता. वरची ओळ मावशींनीच सांगितलेली : ‘खटला नाही, सुनावणी नाही, आमची माणसं सोडा.’ पलीकडच्या देशाच्या गस्ती बोटीनं त्यांच्या लेकाला होडीतल्या सोबत्यांसकट धरून नेलं, तेव्हापासून त्यांच्या जिवाला थारा नव्हता. बसल्या की उठत, उठल्या की धक्क्यावर जाऊन येत. खालची ओळ मात्र आज सकाळीच उगवली होती : ‘सापाची पिलावळ गावाबाहेर काढा.’

“मी लिहिली,” मच्छीमार संघटनेचे अध्यक्ष म्हणाले. “खोटं आहे का? त्यांचं रक्तच तसलं.”

गावात त्या देशाचं माणूस एकच, आणि ते कोपऱ्यात सुईत दोरा ओवत बसलं होतं. मावशींची सून. एका वादळात लेकाच्या होडीला त्या किनाऱ्यावर आसरा मिळाला होता; तिथूनच त्यानं बायको आणली.

काल जेवताना मावशीही असलंच बोलून गेल्या होत्या. “तुमच्याकडे माणुसकी पिकतच नाही!”

सून म्हणाली होती, “आई, आमच्या सरकारला शिव्या घाला, मी दोन जास्तीच्या घालीन. माझा नवरा आत आहे. पण मी काय केलं तेवढं सांगा.”

मावशी ताट सारून धक्क्यावर निघून गेल्या.

“अध्यक्ष, त्यांच्या सरकारनं पोरं डांबली, हे मी भर चौकात ओरडेन,” त्या आता म्हणाल्या. “पण ह्या पोरीनं कुणाला डांबलं?”

“मावशी, राजधानीत सुटकेचा अर्ज संघटना नेणार आहे. तुमच्या लेकाचं नाव त्यात राहायला हवं ना? मग जरा जपून बोला.”

मावशी दारापर्यंत गेल्या, परत आल्या.

“राहू द्या, आई,” सून हळूच म्हणाली. “मी घरी थांबते. आधी ते सुटू देत.”

शेडमध्ये जाळी विणायला येणाऱ्या नव्या बायकांना मावशी पहिल्या दिवशी एकच शिकवत : कुजलेला भाग धड गाठीपर्यंत कापायचा. माया करून एक धागा ठेवलात, तर पहिल्याच ओढीला जाळं तिथंच फाटणार.

त्यांनी कमरेची सुरी काढली. “पाय काढा बॅनरवरून.”

“मावशी, विचार करा!”

“तोच करतेय मघापासून.”

खालच्या ओळीचं कापड टरटरत वेगळं झालं. अध्यक्ष तणतणत निघून गेले, त्यांच्यामागे बऱ्याच बायकाही. अर्जात लेकाचं नाव राहतं की जातं, कोण जाणे. मावशींनी वरच्या ओळीच्या पट्टीचं एक टोक उचललं. दुसरं टोक जमिनीवरच होतं.

सुनेनं ते उचललं.

रस्त्यावर वारा होता. “आमची माणसं सोडा!” सून तिच्या वेगळ्या हेलात ओरडली. दुकानांतून माना बाहेर आल्या. मावशींनी आपलं टोक आणखी उंच केलं, म्हणाल्या, “ताणून धर गं, अक्षरं दुमडतायत.”